फावल्या दिवसांतील हातविणकाम : माप, नमुना व हिशेब

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके मुख्यतः भातशेतीचे होत. खर्डी, कसारा, टोकावडे या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात पाऊस विपुल पडतो. परंतु पावसाळा सरला की बहुतेक जमीन उघडी पडते. भात, नागली व वरी यांची कापणी, झोडणी आटोपल्यावर ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते भाजीपाला, वाल किंवा हरभरा घेतात. इतरांस पुढील वळवाच्या पावसापर्यंत शेतावर फारसे काम उरत नाही. कातकरी व इतर भूमिहीन कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे याच काळात लेकराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. थंडीचे दिवसही हेच.

या रिकाम्या दिवसांत घरबसल्या करता येण्याजोग्या कामांपैकी दोन सुयांवरील हातविणकाम हे एक आहे. यासाठी जागा, वीज वा यंत्र लागत नाही. गुरे राखताना किंवा चुलीपाशी बसूनही ते करता येते. तथापि या कामाविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, हे केवळ हौशीचे काम आहे. दुसरा याच्या उलट, म्हणजे सुया हाती घेतल्या की लगेच चार पैसे मिळू लागतात. दोन्ही समज सोडून, विणकामाने घराचा नेमका कोणता लाभ होतो व तो कसा साधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विणण्याच्या निरनिराळ्या रीती

‘विणणे’ हा शब्द आपण अनेक कामांस लावतो. घोंगडी विणतात, मासे धरण्याचे जाळे विणतात, इरलेही विणतात. पण प्रत्येकाची रीत निराळी आहे व ती समजल्यास सुयांवरील विणकाम समजणे सोपे जाते.

घोंगडी मागावर होते. उभ्या ताणलेल्या धाग्यांतून आडवा धागा काढला जातो आणि धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून बळकटी आणली जाते. असे कापड घट्ट व टिकाऊ होते, पण ताणले जात नाही. इरल्यात बांबूच्या कामट्यांची जाळी विणून तिच्या दोन पदरांत पाने दाबून बसवितात. जाळे एकाच दोऱ्याचे असते व त्याच्या प्रत्येक घराला गाठ असते. म्हणून एक घर तुटले तरी शेजारचे सुटत नाही.

सुयांवरील विणकामात जाळ्याप्रमाणे एकच धागा असतो, पण गाठ नसते. धाग्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घ्यावयाचा, एवढीच त्याची रचना. या फासांना टाके म्हणतात. गाठ नसल्याने हे कापड सर्व बाजूंनी ताणते व सोडले की पुन्हा आपल्या जागी येते. डोके, पाय, हात अशा गोल व हलत्या अवयवांवर ते चपखल बसते ते यामुळेच. गाठ नसल्यामुळे एक टाका निसटला की त्याखालील टाकेही ओघळत जातात, हा त्याचा दोष. म्हणून निसटलेला टाका दिसताच उचलून घ्यावा.

आपल्या प्रांतात मागावरील विणकाम प्राचीन आहे. सुयांवरील विणकाम मात्र एकोणिसाव्या शतकात मिशनरी व इतर मुलींच्या शाळांतून रुजले. जगातील सर्वांत जुन्या नमुन्यांत इजिप्तमध्ये सापडलेल्या सुती मोज्यांची गणना होते. हे काम लोकरीचेच असले पाहिजे असे नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

लोकर, सूत की कृत्रिम धागा

भातकापणीनंतर देशावरील धनगर आपले कळप घेऊन घाट उतरतात व शेतकरी आपल्या खाचरांत मेंढ्या बसवितात, हा कोकणपट्टीतील जुना परिपाठ आहे. या दख्खनी मेंढ्यांची लोकर जाडीभरडी, राठ व बहुधा काळी असते. ती घोंगडीस उत्तम. पण अंगास टोचते, म्हणून लहान मुलांच्या कपड्यांस ती वापरू नये. घोंगड्यांची परंपरा टिकविण्याचे काम निराळे व महत्त्वाचे आहे. १९७८ साली स्थापन झालेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ मेंढीपालनाच्या क्षेत्रात कार्य करते. सुयांवरील विणकामासाठी मात्र मऊ, तयार लोकर विकत घ्यावी लागते.

दुकानात ‘लोकर’ या नावाने मिळणाऱ्या लडी बहुतांशी ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याच्या असतात. ॲक्रिलिक स्वस्त असते, धुण्यास सोपे असते व त्यास कसर लागत नाही. परंतु त्याचे दोन दोष आपल्या घरांच्या दृष्टीने गंभीर आहेत. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाही. ॲक्रिलिक ओल फारशी शोषत नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. दुसरा दोष याहून मोठा. खरी लोकर सहसा पेट घेत नाही. ॲक्रिलिक मात्र पेटते व वितळून कातडीस चिकटते. शेकोटी, बाळंतिणीची शेगडी व वीटभट्टी यांच्या सान्निध्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

धागा कोणता आहे हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून मोकळ्या जागी पेटवावा. केस जळल्यासारखा वास येऊन आग लवकर विझली व मागे चुरडणारी काळी राख उरली, तर ती खरी लोकर. कागद जळल्याचा वास येऊन मऊ करडी राख उरली, तर ते सूत. काळा धूर येऊन धागा वितळला व मागे कठीण मणी उरला, तर तो कृत्रिम धागा.

आपल्या भागात खऱ्या थंडीच्या रात्री मार्गशीर्ष ते माघ एवढ्याच. वर्षातील उरलेल्या काळात, विशेषतः पावसाळी दमट हवेत, सुती धाग्याची टोपी व मोजे अधिक सोयीचे होत. सूत लोकरीसारखे ताणून परत येत नाही, म्हणून सुती वस्तू किंचित घट्ट विणावी.

सुया व दोन टाके

बाजारात मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असतात. या पद्धतीत क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होते. आठ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर व दहा क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटर जाडीची असते. शिकण्यासाठी मध्यम जाडीची लोकर व या दोन जोड्या पुरेत.

बांबूकाम येणाऱ्या घरांस सुया विकत घेण्याचेही कारण नाही. जून व पूर्ण वाळलेल्या बांबूची साल धरून कामटी काढावी, ती गोल तासावी, एक टोक निमुळते पण बोथट करावे व बारीक काचकागदाने घासून तेलाचा हात फिरवावा. पत्र्याच्या तुकड्यास ४ मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून सुई सारून पाहावी. ती सर्वत्र सारखी बसली की माप बरोबर. एक वीत ते सव्वा वीत लांबी पुरते. कूस राहिल्यास धागा अडकतो, म्हणून घासण्याचा कंटाळा करू नये.

टाके दोनच : सुलट व उलट. एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणल्यास दर्शनी बाजू गुळगुळीत होते. प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट असे टाके घेतल्यास रबरासारखी ताणणारी पट्टी होते. ती टोपीच्या व मोज्याच्या काठास वापरतात. एवढे दोन टाके, टाके घालणे, दोन टाके एकत्र विणून कमी करणे व टाके मिटविणे ही कामे आली की बहुतेक वस्तू करता येतात.

नमुना पट्टी : सर्व कामाचा पाया

पुस्तकातील किंवा शेजारणीची कृती जशीच्या तशी उतरविली, तरी टोपी कधी सैल तर कधी घट्ट होते. याचे कारण असे की, प्रत्येकाचा हात निराळा, धाग्याची जाडी निराळी. एकाच सुयांवर एकीचे १० सेंटिमीटरांत वीस टाके बसतील, तर दुसरीचे तेवीस. जाळे विणणारा माणूस घरे सारखी यावीत म्हणून हातात मापाची पट्टी ठेवतो. तोच न्याय येथे लागू आहे.

म्हणून कोणतीही वस्तू करण्यापूर्वी नमुना पट्टी विणावी. आठ क्रमांकाच्या सुयांवर ३० टाके घालून ४० ओळी विणाव्यात. पट्टी धुऊन, न ताणता सपाट वाळवावी व मग मधल्या भागात १० सेंटिमीटरांत किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. कडेला मोजू नये. तेथे माप फसवे येते. ही पट्टी उसवून टाकू नये. तिला धाग्याचा व सुईचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावी. शेतकरी ज्याप्रमाणे बियाण्याची उगवण आधी तपासून पेरणीचे प्रमाण ठरवितो, त्याप्रमाणेच ही तपासणी होय.

समजा, १० सेंटिमीटरांत २० टाके व २८ ओळी आल्या. म्हणजे एका सेंटिमीटरास २ टाके व २.८ ओळी. आता हव्या त्या रुंदीस २ ने व उंचीस २.८ ने गुणले की वस्तूचा आराखडा तयार होतो. स्वतःची वस्तू स्वतः आखणे म्हणजे मुख्यतः हा गुणाकार होय.

नवजात बालकाची टोपी

या रीतीने पहिली वस्तू कोणती करावी, असे विचारल्यास आमचे उत्तर नवजात बालकाची टोपी असे आहे. त्याचे कारण केवळ ती लहान व सोपी आहे एवढेच नाही. नवजात बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते व उघड्या डोक्यातून उष्णता झपाट्याने निघून जाते. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाच्या अंगावर चरबीचा थर पातळ असल्याने ते लवकर गार पडते. गार पडलेले बालक नीट दूध ओढत नाही, दूध कमी गेल्याने अधिकच गार पडते व हे चक्र जिवावर बेतते. बालकाच्या शरीराचे योग्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असते.

गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या साहाय्याने घरोघर नवजात बालकांची सेवा करण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सेवा न पोहोचलेल्या गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. या सेवेत जंतुसंसर्गावरील उपचार, स्तनपान व बालकास ऊबदार ठेवणे अशा अनेक गोष्टींचा समावेश होता. टोपी हे त्यातील एक लहानसे साधन. पण ते घरात तयार होऊ शकते.

पूर्ण दिवसांच्या बालकाच्या डोक्याचा घेर साधारणतः ३४ सेंटिमीटर असतो. विणलेली वस्तू ताणते, म्हणून टोपीचा घेर २ सेंटिमीटर कमी, म्हणजे ३२ सेंटिमीटर धरावा. ३२ गुणिले २ म्हणजे ६४ टाके. शिखर आठ भागांत कमी करावयाचे असल्याने संख्येस आठाने भाग जावा. ६४ ला तो जातो. शिवणीसाठी दोन्ही कडांस एकेक टाका अधिक, म्हणून एकूण ६६ टाके.

कृती : दहा क्रमांकाच्या सुयांवर ६६ टाके घालून एक सुलट, एक उलट अशा १२ ओळी विणाव्यात, हा सुमारे ४ सेंटिमीटरांचा काठ झाला. मग आठ क्रमांकाच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक उलट याप्रमाणे १४ ओळी, म्हणजे ५ सेंटिमीटर विणावे. आता शिखर. दोन्ही कडांचा एकेक टाका तसाच ठेवून, मधल्या टाक्यांत ‘सहा सुलट, दोन एकत्र’ असे आठ वेळा करावे. ५६ टाके उरतील. पुढील ओळ उलट विणावी. त्यानंतरच्या सुलट ओळीत ‘पाच सुलट, दोन एकत्र’, मग एक ओळ उलट, मग ‘चार सुलट, दोन एकत्र’ याप्रमाणे उतरत जावे. सातव्या वेळी केवळ ‘दोन एकत्र’ येऊन मध्ये ८ टाके उरतात. शेवटची उलट ओळ विणून धागा तोडावा, तो दाभणाने उरलेल्या सर्व टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा व त्याच धाग्याने कडा सपाट शिवावी. शिखराच्या १४ ओळी म्हणजे ५ सेंटिमीटर. टोपीची एकूण उंची १४ सेंटिमीटर झाली.

कमी वजनाच्या बालकाचा घेर ३१ सेंटिमीटर भरला, तर २ वजा जाता २९, म्हणजे ५८ टाके येतात; आठाने भाग जाणारी जवळची खालची संख्या ५६ घ्यावी. मोठ्या माणसाचे डोके ५६ सेंटिमीटरांचे असल्यास ४ सेंटिमीटर वजा करून ५२, म्हणजे १०४ टाके. यासही आठाने भाग जातो. रात्री राखणीस जाणाऱ्या शेतकऱ्याची कानटोपीही याच गणिताने, काठ दुप्पट ठेवून होते.

लोकर किती लागेल, हेही नमुना पट्टी सांगते. पट्टीत ३० गुणिले ४०, म्हणजे १,२०० टाके आहेत. तिचे वजन ६ ग्रॅम भरले असे समजू. वरील टोपीत सुमारे २,२०० टाके होतात. म्हणजे ११ ग्रॅम धागा. शिवण व तुकडे धरून १५ ग्रॅम धरावा. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात तीन टोप्या निघतात.

पाळावयाचे नियम

बालकाच्या वस्तूंत सौंदर्यापेक्षा सुरक्षितपणा आधी. टोपीस गळ्याभोवती बांधावयाचे लांब बंद लावू नयेत. ते आवळले जाण्याचा धोका असतो. मणी, बटणे, लोकरीचे गोंडे लावू नयेत. मोज्यांत जाळीची वीण घेऊ नये. बोट अडकून रक्तप्रवाह थांबतो. मोजे आतून उलटून सुटे धागे कापावेत. नवी टोपी धुतल्यावाचून घालू नये.

टोपी हे औषध नव्हे. जन्मतःच बालकास कोरडे करून आईच्या छातीशी, कातडीस कातडी लावून ठेवणे हा ऊब देण्याचा सर्वांत उत्तम मार्ग होय. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथील रुग्णालयात सुरू झालेली ही पद्धत आज आपल्याकडेही रुग्णालयांतून शिकविली जाते. तीत बालकाच्या अंगावर टोपी, मोजे व लंगोट एवढेच असते. बालकाचे पाय व पोट हाताने चाचपावे. पोट ऊबदार पण पाय गार असतील, तर त्यास ताबडतोब छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील, किंवा बालक दूध ओढत नसेल, तर त्यास छातीशी ठेवूनच आरोग्य केंद्रात न्यावे. उन्हाळ्यात, किंवा बालकास घाम येत असेल तेव्हा टोपी काढून ठेवावी. अति उष्णताही अपायकारकच आहे.

स्वतःची नक्षी

आखणी येऊ लागली की नक्षीचा विचार करावा. बाजारात यंत्रावर विणलेला माल मुबलक आहे. लुधियानाच्या कारखान्यांशी साध्या टोपीच्या किमतीत हातविणकामाने स्पर्धा करणे अशक्य आहे. हाताने केलेल्या वस्तूस मोल येते ते ती इतरत्र मिळत नाही म्हणून. परदेशी पुस्तकांतील बर्फाचे तारे व हरणे उतरविण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोरील आकार घ्यावेत. भाताची वाकलेली लोंबी, नागलीचे बोटांसारखे फाकलेले कणीस, पाठीवर इरले घेऊन वाकलेली लावणीकरीण, माहुली गडाचे सुळके हे सर्व आकार टाक्यांत सहज बसतात.

येथे एक अडचण येते. चौकडीच्या वहीत काढलेली नक्षी विणल्यावर बसकी दिसते. याचे कारण आपल्या पट्टीतच आहे. १० सेंटिमीटरांत टाके २०, पण ओळी २८. म्हणजे टाका चौरस नसून आडवा, ७ रुंद व ५ उंच या प्रमाणात असतो. त्रिकोण ४ सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर उंच हवा असेल, तर तो ८ टाक्यांचा व ११ ओळींचा आखला पाहिजे. चौकडीवर ८ बाय ८ आखल्यास त्याची उंची जेमतेम २.९ सेंटिमीटर येते. म्हणून कोऱ्या कागदावर ७ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर उंच अशा घरांची रेघाटणी करून त्यावर नक्षी काढावी. कागदावर दिसेल तशीच ती विणून उतरेल.

दोन रंगांची नक्षी विणताना न वापरलेला धागा मागील बाजूने न्यावा लागतो. तो चार टाक्यांहून अधिक लांब मोकळा ठेवू नये. बालकांच्या वस्तूंत अशी नक्षी घेऊच नये. त्यांस रंगीत आडवे पट्टे पुरेत.

वारली चित्रांतील त्रिकोणी आकृती विणकामास सोयीच्या आहेत व त्यांस मागणीही असते. परंतु वारली चित्रकलेस २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. १९३४ साली जन्मलेले व २०१८ साली निधन पावलेले पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती जगापुढे नेली. हे नाव मालास लावून विकण्यापूर्वी तसा अधिकार आपणांस आहे काय, याची चौकशी करावी. लग्नाच्या चौकासारख्या पवित्र आकृती मोज्यांवर वा पायपुसण्यावर विणणे तर सर्वथा टाळावे.

धुणे व साठवण

लोकरी वस्तू कोमट पाण्यात रिठ्याच्या अथवा सौम्य साबणाच्या फेसात बुडवून हलक्या हाताने दाबावी. कढत पाणी, चोळणे व पिळणे यांमुळे लोकर आटून घट्ट होते व पुन्हा पूर्ववत होत नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे व सावलीत सपाट वाळत घालावी. दोरीवर टांगल्यास वस्तू लांबते.

खऱ्या लोकरीस कसर लागते. कसरीच्या अळ्या घामट, मळकट भाग आधी खातात. म्हणून वस्तू धुऊन, कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी व पावसाळ्यात उघडीप मिळताच ऊन दाखवावे. बालकांच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मात्र कदापि ठेवू नयेत. या गोळ्यांतील नॅप्थलीनच्या वाफेमुळे, रक्तातील एका विशिष्ट द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्या बालकांच्या तांबड्या पेशी फुटतात व तीव्र कावीळ होते. ही उणीव अनेक आदिवासी समाजांतही आढळते आणि बालकाकडे पाहून ती ओळखता येत नाही. सबब हा नियम सर्वांनीच पाळावा.

विक्रीचा हिशेब

प्रथम घरची गरज भागवावी, मग विक्रीकडे वळावे. विकण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालावेत. समजा, १५ ग्रॅम लोकरीस १८ रुपये व शिवण, धुलाई, पिशवी यांस ६ रुपये लागले. खर्च २४ रुपये. सरावलेल्या हातास एका टोपीस दोन तास लागतात. टोपी ८० रुपयांस गेली तर ५६ रुपये उरले, म्हणजे तासास २८ व आठ तासांच्या दिवसास २२४ रुपये. तीच टोपी व्यापाऱ्याने ४० रुपयांस घेतली, तर उरतात १६. म्हणजे तासास ८ व दिवसास केवळ ६४ रुपये. गावात त्या हंगामात मिळणाऱ्या मजुरीशी हा आकडा ताडून पाहावा. मजुरी सोडून विणकाम करणे कोणास परवडते व कोणास नाही, हे यावरून उघड होईल. जो वेळ एरवी रिकामाच जाणार होता, त्या वेळेपुरते मात्र थोडी प्राप्तीही स्वीकारण्याजोगी ठरते.

‘आमच्याकडून यंत्र व लोकर घ्या, तयार माल आम्हीच परत घेऊ’ अशी आश्वासने देणारे लोक गावोगाव येतात. लेखी करार, मालाचा दर व माल नाकारण्याची कारणे स्पष्ट झाल्यावाचून कोणीही आगाऊ पैसे देऊ नयेत. आणि यासाठी कर्ज तर काढूच नये. दोन बांबूच्या सुया व एक गुंडा एवढ्या भांडवलावर शिकून, दहा वस्तू विकून दाखविल्यानंतरच गटाने पुढील पाऊल टाकावे.

विक्रीसाठी जवळची ठिकाणे आधी शोधावीत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. थंडीच्या ऐन भरात भरणाऱ्या त्या जत्रेत ऊबदार कपड्यांस गिऱ्हाईक असते. खर्डी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील स्थानक असल्याने कल्याणची बाजारपेठही दूर नाही. मात्र थंडीचा माल थंडीपूर्वी तयार हवा. म्हणजे दसऱ्यापर्यंत नमुने ठरवून, भातकापणीच्या धांदलीआधी निदान काही नग हाती असले पाहिजेत. भातलावणी संपल्यावर व कापणी सुरू होण्यापूर्वी मिळणारे श्रावण-भाद्रपदातील दिवस यासाठी उपयोगी आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

ज्या गावी विणकाम जाणणारी एक तरी स्त्री असेल तेथून आरंभ करावा. बचत गटातील पाच-सहा जणींनी आठवड्यातून दोन दुपारी एकत्र बसावे. पहिल्या आठवड्यात केवळ नमुना पट्टी, दुसऱ्यात पट्टीचे मोजमाप व गुणाकार, तिसऱ्यात टोपी, असा क्रम ठेवावा. गुणाकार न येणाऱ्या भगिनींस शाळेत जाणाऱ्या मुलींची मदत घेता येईल; मुलींनाही गणिताचा उपयोग प्रत्यक्ष दिसेल. पुरुषांना व मुलांना वगळू नये. जाळे विणणाऱ्या हातांस हे काम लवकर येते.

आशा कार्यकर्ती बालकाच्या जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी भेट देते. तिच्याकडून गावातील गरोदर स्त्रियांची संख्या व प्रसूतीचे अपेक्षित महिने विचारून घ्यावेत आणि तितक्या टोप्या, प्रत्येकी दोन याप्रमाणे, आधीच तयार ठेवाव्यात. एक धुण्यात असता दुसरी अंगावर राहते. जी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार आहेत, त्यांच्या टोप्या सर्वांआधी पूर्ण कराव्यात, कारण भट्टीवरच्या उघड्या झोपडीत पौषातील रात्री काढणाऱ्या बालकास त्यांची गरज सर्वांत अधिक असते. त्या टोप्या सुताच्या किंवा खऱ्या लोकरीच्या असाव्यात, कृत्रिम धाग्याच्या नसाव्यात. एवढे काम एका गावाने एका हंगामात केले, तर विक्रीचा विचार पुढील वर्षी सावकाश करता येईल.